आमची वाटचाल: अळूवडीच्या उंड्यांपासून किमचीपर्यंत

सुरुवात २००९ ला झाली, नारायण पेठेतल्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत. मी आणि माझ्या जाऊबाई. निवडलेली मेथी, शेपू, चाकवत, अळू पिशवीत भरून सोसायट्यांना द्यायचो आणि सणावाराला अळूवडीचे उंडे. भांडवल म्हणजे जाऊबाईंची विळी, आजेसासूबाईंच्या दोन चिनी मातीच्या बरण्या आणि एक काटा. आता आमच्याकडे कापायचं मशीन आहे पण सावरक्राउटचा, म्हणजे जर्मन लोकांच्या आंबवलेल्या कोबीचा, कोबी आजही विळीवरच चिरतो, मशीन पान चावतं, चिरत नाही, आणि चावलेला कोबी आंबला की मऊ पडतो. ज्यांनी हा धंदा केलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय.

कोरियन मॅडम २०११ ला आल्या. मिस्टर रांजणगावच्या कंपनीत, ह्या दिवसभर घरी एकट्या. आमच्याकडे अळू घ्यायला आल्या आणि कोपऱ्यातल्या बरण्या बघून तिथेच थबकल्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, इसमें किमची? किमची म्हणजे त्यांचा मिरची लावून आंबवलेला कोबी, मला तेव्हा ठाऊक नव्हतं, मी म्हटलं नाही हो, लोणचं. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः चायनीज कोबीचे सहा गड्डे घेऊन आल्या आणि आमच्याच ओट्यावर शिकवायला बसल्या. गड्ड्याचे उभे चार भाग करायचे, खडे मीठ पानापानांत चोळायचं, विशेषतः पांढऱ्या देठाकडे, रात्रभर ठेवायचं, सकाळी तीन पाण्यांनी धुवायचं आणि पालथं घालून निथळू द्यायचं. देठ वाकवला की मोडला नाही पाहिजे, वाकला पाहिजे. मग तांदळाच्या पिठाची पेज, लसूण, आलं, मुळा आणि त्यांचं ते गोचुगारू, म्हणजे कोरियन लाल मिरचीची भरड. आम्ही एकदा बेडगी आणि काश्मिरी मिसळून करून बघितलं, रंग झकास आला, मॅडमनी एक घास खाल्ला आणि काही न बोलता ताट बाजूला सारलं. तेव्हापासून मिरची त्यांचीच.

बाहेरची जाड पानं मी टाकत होते तर त्या भडकल्या. त्यांच्याकडे त्या पानांना उगॉजी म्हणतात, उकडून सोयाबीनच्या पेस्टच्या सूपमध्ये घालतात. आम्ही मग त्याचे बेसन लावून मुटके करायला लागलो, ते अजून खपतात. म्हणून सांगते, कोबीची बाहेरची पानं टाकू नका, किडकी नसली तर.

त्यांच्यामुळे बाकीचे कोरियन आले, मग चाकणचे दोन जर्मन इंजिनियर सावरक्राउट मागायला आले. त्याला तर काहीच लागत नाही, एक किलो चिरलेल्या कोबीला वीस ते पंचवीस ग्रॅम मीठ, कुस्करून पाणी सुटू द्यायचं आणि कोबी त्या पाण्याखाली राहील असा वर भार ठेवायचा. आमचा भार म्हणजे स्वच्छ धुतलेला वरवंटा. मीठ चमच्याने मोजू नका, वजनाने मोजा, खडे मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यात फार फरक पडतो. आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये घरी करायला जाऊ नका, चार दिवसात लिबलिबीत होईल आणि मग मला फोन कराल.

२०१२ ते २०१७ नीट चाललं, त्याबद्दल काय लिहायचं.

२०१८ बद्दल लिहायचंय. कोरियन लोकांचा चुसोक म्हणजे त्यांची सुगीची पौर्णिमा, बहुतेक वर्षी आपल्या अनंत चतुर्दशीला लागूनच येते. त्या वर्षी चतुर्दशी २३ सप्टेंबरला, रविवारी, आणि चुसोक २४ ला. एका कॅन्टीनवाल्याची १८० किलोची ऑर्डर होती, तोवरची आमची सगळ्यात मोठी. माल तयार, कोल्डरूममध्ये ठेवलेला. शनिवारी रात्री कॉम्प्रेसर गेला. सकाळी मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणतो ताई, लक्ष्मी रोड बंद, केळकर रोड बंद, मी काय उडत येऊ? बाहेर ढोल आणि आत झाकणं फुगायला लागलेली. गारठ्यात आठवडे टिकणारी किमची तीस डिग्रीला दीड दिवसात आंबट होते. ह्यांनी आणि मंडळाच्या पोरांनी गोणपाटात बर्फाच्या लाद्या गुंडाळून मिरवणुकीतून खांद्यावरून आणल्या, एकाचा ताशा अजून कमरेला होता. पाच बरण्यांची झाकणं उडाली, भिंतीवरचा तो लाल डाग अजून आहे, मी मुद्दाम रंग दिला नाही.

सोमवारी सकाळीही मिरवणूक संपलेली नव्हती. ७० किलो वाचलं, ते चार तास उशिरा पोचलं. उरलेलं ११० किलो आंबट.

आणि कॅन्टीनला कमी पडलेलं ११० किलो त्याच दिवशी तिथे दुसऱ्याने पोचवलं होतं. आमच्याकडेच पाच वर्षं काम केलेला मुलगा, जूनमध्ये सोडून गेलेला. त्याची किमची म्हणजे कोबी, तिखट आणि व्हिनेगर. आंबवायचं नाही, वाट बघायची नाही, संध्याकाळी करायची सकाळी द्यायची. वर कॅन्टीनवाल्याला सांगितलं की यांच्या बरण्या फुटतात. अहो फुटतात कारण त्यात जीव असतो! व्हिनेगरची बरणी कशाला फुटेल? ऑर्डर गेली ती गेलीच, आमचे पैसेही कापले, मी पाटल्या गहाण टाकल्या.

मंगळवारी मॅडम आल्या, आंबट माल चाखला आणि हसल्या. म्हणाल्या हा फेकायचा नाही, ह्याचंच जिगे चांगलं होतं, म्हणजे त्यांचा रस्सा. त्यांनी मैत्रिणींना फोन लावले, चार दिवसांत ऐंशी किलोच्या वर गेला. आजही आम्ही जुनी किमची वेगळ्या लेबलने विकतो, रश्श्यासाठी म्हणून, आणि ताजीपेक्षा दहा रुपये महाग. २०१३ ला युनेस्कोने त्यांच्या किमची घालायच्या रीतीला वारशाच्या यादीत घेतलं ना, त्यात अख्खं गाव मिळून थंडीची तयारी करतं, ते मला तेव्हा समजलं.

लॉकडाऊनमध्ये परत खाली गेलो, परत आलो. मॅडम २०२१ ला सोलला परत गेल्या, जाताना त्यांची मिठाची परात देऊन गेल्या.

त्या मुलाचा धंदा आता आमच्यापेक्षा मोठा आहे, व्हॅन आहे, व्हॅनवर कोबीचं चित्र आहे. त्याची आई मात्र दर गणपतीला अळूवडीचे उंडे आमच्याकडूनच नेते, म्हणते अळू खाजत नाही तुमचं. कसं खाजेल, चिंचेचा कोळ भरपूर घालतो. पैसे पूर्ण घेते मी तिच्याकडून, दोन रुपये सुट्टे नसले तरी थांबते.