ट्रॉम्बोनवाल्याच्या मागे मागे: न्यू ऑर्लिन्समधला एक वीकेंड

न्यू ऑर्लिन्सला जॅझ ऐकायला निघालेल्यांना पहिला सल्ला हाच, की बर्बन स्ट्रीट लवकर उरकून टाका. पोस्टकार्डांवर दिसतो तो रस्ता हाच, पण तिथल्या दर दुसऱ्या दारातून जुन्या रॉकची गाणी कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात बाहेर येत असतात आणि बॅचलर पार्टीला आलेली पोरं हातात प्लास्टिकचे पेले घेऊन हिंदकळत असतात. (या गावात दारूचा पेला घेऊन रस्त्यावर फिरता येतं. पेला काचेचा नसला म्हणजे झालं.) तिथून पंधराएक मिनिटं चालून एस्प्लनेड अ‍ॅव्हेन्यू ओलांडला, की फ्रेंचमेन स्ट्रीट लागतो. दोन-तीन चौकांचाच पसारा, पण खरी मजा तिथे आहे.

आम्ही ह्यूस्टनहून गाडीने गेलो. तिथे माझा मावसभाऊ राहतो. दादाला जॅझमध्ये काडीचाही रस नाही, पण गाडी चालवायला आणि खायला तो कुठेही येतो. वहिनीने धपाटे बांधून घेतले होते. आय-टेन हायवेने साडेतीनशे मैलांचा रस्ता आहे, बराचसा कंटाळवाणा. लफायेत सोडल्यावर मात्र अचाफलायाची दलदल सुरू होते आणि तिच्यावरून अठरा मैलांचा पूल जातो. दोन्ही बाजूंना पाण्यात कमरेएवढे बुडालेले सायप्रस वृक्ष. त्या पुलावर दादानेसुद्धा आपला पॉडकास्ट बंद केला.

मला जॅझचं वेड काकांमुळे लागलं. मुंबईत १९७८ साली जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, त्या काळातले ते धोबी तलावच्या रंगभवनचे वारकरी. त्यांच्या गप्पांत ताजमहाल हॉटेलात १९३५ साली वाजवून गेलेला लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय बँड असायचा, कलकत्ता-मुंबई गाजवणारा पियानोवाला टेडी वेदरफर्ड असायचा आणि चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेले गोव्याचे वादक असायचे. हे गोवेकर रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत. तेव्हा मला ही नुसती गंमत वाटायची. न्यू ऑर्लिन्समध्ये उमगलं, की काका मला संगीताइतकंच वादकांच्या पोटापाण्याविषयीही सांगत होते.

शुक्रवारी रात्री फ्रेंचमेनवरच्या स्पॉटेड कॅट क्लबमध्ये शिरलो. जागा एवढीशी, की दारातून आत येणारा माणूस जवळजवळ बँडमध्येच येऊन उभा राहतो. वादक रस्त्याकडच्या खिडकीला पाठ लावून बसलेले. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं. एक ड्रिंक घ्यायचं आणि बादलीत पैसे टाकायचे. ही बादली म्हणजे खरोखरची बादली. दोन गाण्यांच्या मधे बँडमधलं कुणीतरी ती घेऊन गर्दीत फिरतं आणि न लाजता प्रत्येकाच्या डोळ्यात बघतं. अशा क्लबात वादकाची कमाई म्हणजे ही बादली आणि बारच्या गल्ल्यातला थोडाफार वाटा. दादाने एक डॉलर टाकला. वहिनीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा त्याने आणखी चार टाकले.

ट्रॉम्बोनवाला पहिल्यांदा दिसला तो इथे. साठीकडे झुकलेला, निळी टोपी, दाढी पांढरी. त्याच्या ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीवरचा मुलामा हात लागून लागून पार उडाला होता आणि आतलं फिकट पितळ दिसत होतं. ओळ संपली की तो नळीच्या टोकाची बारीक झडप अंगठ्याने दाबायचा, फुंकर मारायचा आणि आत साचलेलं पाणी जमिनीवर सोडायचा. पायाशी छोटंसं तळं झालं होतं. पुढच्या टेबलावरच्या बाईंच्या केसांना नळी लागेल की काय असं दरवेळी वाटे, आणि दरवेळी ती चार बोटं अलीकडे थांबे.

या वादनपद्धतीला 'टेलगेट' म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथले बँड नाचाच्या कार्यक्रमाची जाहिरात करायला घोडागाडीत बसून गावभर वाजवत फिरायचे. ट्रॉम्बोनची नळी पुढे लांब सरकते, म्हणून त्याला गाडीच्या मागच्या फळीवर बसवत, म्हणजे कुणाच्या डोक्यात बसायला नको. दोन बँडच्या गाड्या चौकात समोरासमोर आल्या, की चाकं एकमेकांना बांधून मुकाबला व्हायचा. जो लोकांना जिंकेल त्याच्या नाचाला रात्री गर्दी. म्हणजे जुगलबंदी होती खरी, पण तिकीट खपवण्यासाठीची.

कॉर्नेट (ट्रंपेटचा आखूड भाऊ) किंवा ट्रंपेट मुख्य चाल सांभाळतं, क्लॅरिनेट वरून नक्षी काढतं आणि ट्रॉम्बोन खालून मींड घेत त्या दोघांना बांधून ठेवतं. तिघंही एकाच वेळी आपापल्या मनाचं वाजवतात. आपल्याकडे एक गातो आणि बाकीचे साथ करतात, त्या सवयीच्या कानाला पहिली दहा मिनिटं हा गोंगाट वाटतो. नंतर तीन धागे सुटे ऐकू यायला लागतात आणि मग उठवत नाही.

शनिवारी सकाळी कॅफे दु मोंदमध्ये गेलो. १८६२ पासूनची जागा. चिकोरी घातलेली कॉफी आणि पिठीसाखरेच्या ढिगाखाली गाडलेले गरमागरम बेन्ये, म्हणजे तळलेले चौकोनी फुगीर गोड तुकडे. काळा कुर्ता घालून जाऊ नका आणि खाताना हसू नका, एवढंच सांगते. समोरच्या जॅक्सन स्क्वेअरवर एक ब्रास बँड वाजवत होता आणि त्यात आमची निळी टोपी! रात्री उशिरापर्यंत क्लबात आणि सकाळी उन्हात, पुन्हा तेवढ्याच दमात. या वेळी बादलीच्या जागी पुठ्ठ्याचं खोकं होतं. दादाने आपणहून पाच टाकले.

तिथून जुन्या टांकसाळीत, म्हणजे आताच्या जॅझ म्युझियममध्ये गेलो. लुई आर्मस्ट्राँगने लहानपणी वाजवलेलं कॉर्नेट इथे काचेत ठेवलंय. १९१२ सालच्या शेवटच्या रात्री या पोराने रस्त्यात पिस्तूल झाडलं, पोलिसांनी धरून सुधारगृहात टाकलं आणि तिथल्या बँडमध्ये पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकाने त्याला कॉर्नेट शिकवलं. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. कमी लोकांना माहीत असतं ते असं, की १९५६ साली लुइझियाना राज्याने गोऱ्या आणि काळ्या कलाकारांनी एकत्र कार्यक्रम करण्यावर बंदी घातली आणि आर्मस्ट्राँगचा बँड मिश्र होता. आपल्याच गावात १९६५ पर्यंत त्याने वाजवलं नाही. आता विमानतळाला त्याचंच नाव आहे.

बडी बोल्डनचं मात्र काहीच ऐकायला मिळत नाही. ज्याला गावातले जुने वादक या संगीताचा पहिला राजा मानत, त्या कॉर्नेटवाल्याची एकही ध्वनिमुद्रिका उरलेली नाही. १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९३१ मध्ये तो तिथेच गेला. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ साली, ती गोऱ्यांच्या बँडची. यावर मी गाडीत बरंच बोलले. दादाने पॉडकास्टचा आवाज वाढवला.

संध्याकाळी प्रिझर्व्हेशन हॉल. तिकीट आधीच काढून ठेवा. आत रंग उडालेल्या भिंती, लाकडी बाकं, पुढे जमिनीवर गाद्या. दारू नाही, जेवण नाही, फोटो काढायचे नाहीत. वादक इतके जवळ, की ट्रंपेटवाल्याने श्वास घेतलेला ऐकू येतो. तासाभरात सगळं आटोपतं. मला वाटलं होतं, पर्यटकांसाठी मांडलेला देखावा असेल. तसा तो थोडा आहेच, पण पियानोवाल्या आजोबांनी तिसऱ्या गाण्यात डाव्या हाताने असा काही ठेका धरला, की शेजारी फरशीवर बसलेली चार-पाच वर्षांची पोर उठून नाचायला लागली आणि तिच्या बापाने तिला खाली बसवलं नाही.

या हॉलची जन्मकथाही पोटापाण्याचीच आहे. १९५०च्या दशकात लोकांना नव्या चालीचं संगीत हवं होतं आणि जुन्या पद्धतीने वाजवणारे म्हातारे वादक बेकार झाले होते. सेंट पीटर स्ट्रीटवरच्या एका चित्रदालनाचा मालक त्यांना तालमीसाठी बोलवायचा. मधुचंद्राहून परतताना अ‍ॅलन आणि सँड्रा जॅफी हे जोडपं तिथे पोचलं, ऐकलं आणि गावातच राहिलं. १९६१ मध्ये त्यांनी हॉल सुरू केला. वर्णभेदाचे कायदे जागेवर असताना तिथे काळे-गोरे एकत्र बसायचे. अ‍ॅलन स्वतः ट्यूबा वाजवायचा. फर्माइशींचा दर लिहिलेली जुनी पाटी प्रसिद्ध आहे. त्यात 'द सेंट्स' या गाण्याचा भाव सगळ्यांत जास्त, कारण तेच ते वाजवून वादकांना त्याचा वीट आला होता.

त्या रात्री स्नग हार्बरलाही गेलो. एलिस मार्सालिस इथे कित्येक वर्षं दर शुक्रवारी पियानो वाजवायचे. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने ते गेले. खोली नेटकी, आधुनिक जॅझ, उत्तम ध्वनी, सगळे चिडीचूप. छान होतं. मला झोप येत होती.

रविवारी सकाळी काँगो स्क्वेअरला उभं राहून आलो. १८१७ च्या एका नगरहुकुमाने गुलामांना रविवारी दुपारी एकत्र जमायला एवढीच जागा ठेवली होती आणि आफ्रिकेतून आलेले ढोल-नाच इथे टिकले. आता दगडी फरशी, ओकची मोठी झाडं आणि एक कुत्रा फिरवणारी बाई. पाच मिनिटांत बघून होतं.

दुपारी ज्यासाठी सगळा खटाटोप केला होता ती 'सेकंड लाइन'. उन्हाळ्याचे काही महिने सोडले, तर जवळजवळ दर रविवारी ही मिरवणूक निघते. मार्ग डब्ल्यूडब्ल्यूओझेड रेडिओ आधी जाहीर करतो. ती काढतात 'सोशल एड अँड प्लेझर क्लब'. काळ्या लोकांना कुणी विमा देत नव्हतं, तेव्हा वर्गणी काढून आजारपणाला डॉक्टर आणि मेल्यावर इज्जतीने अंत्ययात्रा, एवढ्यासाठी या मंडळ्या निघाल्या. यंग मेन ऑलिंपियन ही मंडळी १८८४ पासूनची आहे. २००६ मध्ये पोलिस बंदोबस्ताची फी भरमसाट वाढवली, तेव्हा क्लब कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी ती कमी करून घेतली.

पुढे क्लबचे सभासद, नखशिखान्त एकाच रंगात, पिसांचे पंखे हलवत. त्यांच्या मागे बँड. ही पहिली रांग. त्यांच्या मागे आणि आजूबाजूला जे कुणी नाचत चालतील ती दुसरी रांग, म्हणजे आम्ही. पुण्यात वाढलेल्या माणसाला विसर्जन मिरवणूक आठवणारच. पण इथे स्पीकरची भिंत नाही, माईक नाही, कठड्यामागे उभे राहून बघणारे नाहीत. फुटपाथवर उभी राहिले तर एका आजीबाईंनी खांद्याला धरून चालायला लावलं. "बेबी, इथे उभं राहून काय मिळणार?"

चालताना मी मोठ्या ढोलवाल्याच्या शेजारी राहिले. ढोलावर एक झांज स्क्रूने बसवलेली. उजव्या हातात ढोलाची काठी, डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर. झांजेवर तो स्क्रूड्रायव्हर आपटत होता! चार मात्रांच्या दोन आवर्तनांत शेवटच्या चौथ्या मात्रेवर असा दणका, की पाऊल आपोआप उचललं जातं. अंगाभोवती अडकवून वाजवायच्या सूसाफोनच्या भोंग्याला पोचे आले होते. ट्रॉम्बोनच्या ओळीत डावीकडून दुसरी, निळी टोपी.

मग मिरवणूक क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यूवर आली. एकेकाळी या रस्त्याच्या मधोमध ओकच्या रांगा होत्या आणि दोन्ही बाजूंना काळ्या लोकांची दुकानं. १९६०च्या दशकात ओक तोडून वरून आय-टेनचा उड्डाणपूल काढला. आम्ही शुक्रवारी आलो तो हाच हायवे. आता पुलाच्या खांबांवर ओकची झाडं रंगवलेली आहेत. बँड पुलाखाली शिरला आणि थांबला. काँक्रीटच्या छताला आपटून पितळेचा आवाज असा दुप्पट होऊन अंगावर आला, की दात वाजले. एक पोरगा खांबाच्या कट्ट्यावर चढून नाचायला लागला. वादक गालांतल्या शिरा तट्ट फुगेपर्यंत फुंकत होते. कारण उघड होतं. अख्ख्या गावात फुकटात इतका चांगला हॉल दुसरा नाही. वरून ट्रक जात होते.

तीन-चार तास असं चालणं. टेम्पोच्या मागे शेगडी पेटवून सॉसेज भाजणारे, ढकलगाडीवर बर्फात बिअर विकणारे बरोबर चालतात. दादा एका सॉसेजवाल्याच्या मागे अर्धी मिरवणूक नाचला.

शेवटच्या चौकात गाणं संपलं आणि दोन मिनिटांत बँड पांगला. निळी टोपी ट्रॉम्बोन पेटीत भरत होती. मी जाऊन विचारलं, दमला नाहीत का? ओठ फडक्याने पुसत ते म्हणाले, "आज दोनच गिग आहेत, बेबी. सहाला फ्रेंचमेनवर. ये." आणि मोबाईलवर वेळ बघत चालायला लागले.

सोमवारी सकाळी आठला दादाची मीटिंग होती. पाचला निघायचं ठरलं होतं. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे. दादा म्हणाला, "एकच सेट. मग निघायचं." आम्ही तीन सेट ऐकले. बादलीत वीसची नोट त्यानेच टाकली. ह्यूस्टनला पोचलो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते आणि मीटिंगला त्याने कॅमेरा बंद ठेवला.