इंटरनेट चालू आहे ना, मॅडम?

घरातल्या एका कॉम्प्युटरवरची फाइल घरातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायची, एवढंच मला हवं होतं. मी घरून जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. क्लायंटची बिलं, एक्सेल, जुनी रिटर्न्स असं सगळं आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपवर असतं. संध्याकाळी कुकर लावून मी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसते आणि तेच फोल्डर तिथून उघडते. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग सोसायटीत फायबर आलं, जुन्या केबलवाल्याने आपला राउटर उचलून नेला, नव्या कंपनीचा पांढरा डबा दारावर ठोकला गेला आणि फोल्डर दिसायचं बंद झालं.

इंटरनेट मात्र दोन्हीकडे झकास. पुढचा सगळा मनस्ताप त्यामुळेच झाला.

विंडोजकडून काय करायचं ते पटकन सांगते. वायफायचं नाव बदललं की विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं आणि बहुतेक वेळा ते ‘पब्लिक’ धरलं जातं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते दोन्ही मशीनवर ‘प्रायव्हेट’ करायचं आणि फाइल शेअरिंग चालू करायचं. मी केलं. फरक शून्य.

बंगळुरूला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, नेटवर्कच्या खिडकीत काय दिसतं ते सोड, आधी पिंग मार.” पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला हाक मारायची आणि उत्तर येतं का ते बघायचं. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप केलं. डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५, लॅपटॉपचा १९२.१६८.१.९. घरच्या साध्या राउटरवर पहिले तीन आकडे जुळले की दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत असं समजायचं. (पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही, तो वेगळा घोळ.) लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग केलं तर उत्तर आलं, ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. भाचा एकदम खूश! त्याचं म्हणणं असं की, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं असतं तर संशय डेस्कटॉपच्या फायरवॉलवर, म्हणजे बाहेरच्या हाका अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यावर, गेला असता. समोरचा आहे, पण बोलत नाही, असा त्याचा अर्थ. ‘अनरीचेबल’ म्हणजे आपली हाक तिथवर पोचतच नाही.

मग दोन्ही मशीन माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडली. फोल्डर धाडकन उघडलं. म्हणजे दोन्ही कॉम्प्युटर ठणठणीत आणि दोष त्या पांढऱ्या डब्यात. या दुखण्याचं नाव एपी आयसोलेशन. ही सेटिंग चालू असली की वायफायवरचं प्रत्येक यंत्र इंटरनेटपर्यंत जाऊ शकतं, पण शेजारच्या यंत्राशी बोलू शकत नाही. वॉचमन रहिवाशांना गेटबाहेर खुशाल सोडतो, पण एकमेकांच्या घरी जाऊ देत नाही, तसं. हॉटेलात, कॅफेत, हॉस्टेलवर हे हवंच. अनोळखी माणसाचा लॅपटॉप आपल्या लॅपटॉपपर्यंत पोचायला नको. पण टू बीएचकेमध्ये कोणापासून कोणाला वाचवताय?

डब्याच्या खाली लॉगिनचं स्टिकर होतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ या डब्याच्या पत्त्यावर गेले, आत शिरले. तिथे वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येत होता, बाकी मेनूच नाही. बाकीच्या सेटिंग्जचं लॉगिन कंपनी स्वतःकडे ठेवते. म्हणजे माझ्या घरातला डबा, महिन्याचं बिल मी भरते, आणि एक टिक काढायला कस्टमर केअर.

“मॅडम, डब्यावर लाल लाइट लागलाय का?”
“नाही.”
“इंटरनेट चालू आहे ना, मॅडम?”
“चालू आहे, पण...”
“स्पीड टेस्ट करून सांगाल का?”

स्पीड उत्तम. थोड्या वेळात मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. पुन्हा फोन, पुन्हा लाल लाइट. त्यांच्या स्क्रीनवर तक्रारीचे दोनच प्रकार असावेत, इंटरनेट बंद आणि इंटरनेट स्लो. माझी तक्रार दोन्हींत बसेना. दर वेळी नवीन मुलगी, आणि तिला मी पहिल्यापासून सगळं सांगायचं. दरम्यान वीस तारीख जवळ येत होती, क्लायंटचे ३बी (जीएसटीचं रिटर्न) भरायचे होते आणि मी पेनड्राइव्ह घेऊन घरात येरझाऱ्या घालत होते. त्यात एकाच एक्सेलच्या दोन आवृत्त्या तयार झाल्या. कोणती ताजी, हे तारखा बघून ठरवायचं.

शेवटी एक मुलगा आला. त्याने स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट करून माझ्या नाकासमोर धरली. “फुल स्पीड येतोय मॅडम. ओटीपी सांगा.” तक्रार बंद करायला तो ओटीपी लागतो. मी म्हटलं, फोल्डर उघडू दे, मग देते. तो म्हणाला, हे आमच्यात येत नाही, कॉम्प्युटरवाल्याला बोलवा. कॉम्प्युटरवाला आधीच म्हणून बसला होता की हे राउटरचं काम आहे. मुलगा ओटीपीशिवाय गेला. नंतर त्यासाठी त्याचे फोन येत राहिले, मी ठाम.

यजमानांचं मत, हजार-दीड हजाराचा आपला राउटर आणून त्या डब्याला जोड आणि मोकळी हो. उपाय बरोबर आहे, घाईत असाल तर तोच करा. दोन्ही कॉम्प्युटर मात्र त्याच राउटरच्या वायफायवर हवेत. मला ते पटेना. एका टिकेसाठी हजार रुपये का मोजायचे?

अडलेली गाडी हलली ती भाच्याच्या एका वाक्याने. “आयसोलेशन म्हणू नकोस, प्रिंटर चालत नाही म्हण.” आणि खरंच, वायफाय प्रिंटरही त्याच दिवसापासून मुका होता. प्रिंटर म्हटल्याबरोबर तक्रार वरच्या टीमकडे गेली. त्यांचा जाणता माणूस आला, डब्याकडे बघून हसला, ऑफिसात कोणाला तरी फोन लावला आणि तिथल्या माणसाने तिकडे बसूनच सेटिंग बदलली. तिकडे बसूनच! म्हणजे घरी कोणी येण्याची गरजच नव्हती.

“झालं मॅडम, ओटीपी?”

मी आधी पिंग मारलं. अजूनही अनरीचेबल. हा डबा दोन वायफाय सोडतो; माझा डेस्कटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असतो, लॅपटॉप ५ च्या, आणि ही टिक दोन्हींची वेगवेगळी असते. त्यांनी एकाचीच काढली होती. पुन्हा फोन, दुसरीही टिक गेली, पिंगची चारही उत्तरं धडाधड आली, फोल्डर उघडलं. मग दिला ओटीपी. त्या दिवशी मी घरात जरा ताठ मानेनेच वावरत होते.

आता आठवेल तसं सांगते. नेटवर्कच्या यादीत कॉम्प्युटर दिसला नाही म्हणून हताश होऊ नका. फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत थेट \\१९२.१६८.१.५ असा पत्ता टाका (आकडे अर्थात इंग्रजीत). पासवर्ड विचारला तर डेस्कटॉपच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो, रोज लॉगिनला मारता तो चार आकडी पिन चालत नाही. जुने व्हिडिओ होमग्रुप (घरातल्या कॉम्प्युटरांत फाइली वाटायची विंडोजची जुनी सोय) बनवायला सांगतात; विंडोज १० मधून ते २०१८ सालीच काढून टाकलंय. एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा असं कोणी सांगितलं तर अजिबात करू नका, २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेने जगभर पसरला होता. तुमचं एखादं यंत्र चुकून गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) वायफायला जोडलेलं नाही ना, हे मात्र सगळ्यात आधी बघा. तिथे आयसोलेशन बहुधा असतंच. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा मी वायफायवरून उघडत नाही, मधेच कनेक्शन तुटलं तर बिघडू शकतो.

डबा कधी फॅक्टरी रीसेट केला तर ती टिक परत येऊ शकते. तेव्हा फोनवर पहिला शब्द ‘प्रिंटर’.