खेळाडू ते प्रशिक्षक

रॉड ब्रिंडामोर २००६ मध्ये कॅरोलिना हरिकेन्सचा कर्णधार म्हणून आइस हॉकीचा स्टॅनले कप जिंकला. निवृत्तीनंतर त्याच संघात अनेक वर्षं सहायक प्रशिक्षक म्हणून राबला. २०१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला आणि २००९ नंतर प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) न पाहिलेला संघ पहिल्याच हंगामात तिथे पोचला. उलट ८९४ गोल करणारा वेन ग्रेट्झकी प्रशिक्षक म्हणून चार हंगामांत संघाला एकदाही प्लेऑफमध्ये नेऊ शकला नाही. (खेळाडू म्हणून त्याच्यासारखा दुसरा नाहीच!)

आज नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर हेच आमच्या खो-खोच्या ताईला सांगितलं. गुडघ्यामुळे तिचा खेळ थांबलाय. पण लहान पोरींना साखळी (बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणं) कशी खेळायची हे ती इतकं छान समजावते! उद्यापासून त्यांचा सराव तीच घेणार. फार आनंद झालाय.