जुन्या बोलेरोचा मागचा घूं-घूं आवाज: डिफरन्शियल उघडण्याआधी

जुन्या बोलेरोच्या मागून घूं-घूं यायला लागलं की गॅरेजमध्ये पहिला निकाल लागतो, ‘क्राऊन-पिनियन गेलं’, म्हणजे डिफरन्शियलमधली (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोल पेटीतली) ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी खराब झाली. बऱ्याचदा ते गेलेलं नसतं. मागच्या ॲक्सलचं सगळ्यात खर्चिक आणि नाजूक काम तेच, म्हणून ते सगळ्यात शेवटी. आधी गाडी रस्त्यावर काढा.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर, ज्या वेगाला आवाज ठळक येतो त्या वेगाला गाडी आणा. ॲक्सिलरेटर दाबून ओढून बघा, मग गिअर तसाच ठेवून पाय सोडा, मग हलक्या पायाने वेग स्थिर धरा. ओढताना एक सूर आणि पाय सोडल्यावर दुसरा, किंवा एकाच स्थितीत आवाज येत असेल, तर संशय क्राऊन-पिनियनच्या दातांवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर. तिन्ही स्थितींत आवाज सारखाच राहून फक्त वेगाबरोबर वाढत असेल, तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर. ही एक चाचणी नीट केली तरी निम्मं काम झालं.

टायर आणि बेअरिंग वेगळं ओळखायला रस्ता बदला. काँक्रीटवर, उदाहरणार्थ समृद्धी महामार्गावर, टायर जास्त गुणगुणतात; गुळगुळीत डांबरावर येताच आवाज बदलला तर दोष टायरचाच. खात्री नसेल तर मागचे टायर पुढे टाका आणि आवाज जागा बदलतो का बघा. बेअरिंगसाठी ४०-५० च्या वेगाने, रस्ता रिकामा असताना, हलकेच डावी-उजवीकडे वळवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घुमणं वाढलं तर उजवं बेअरिंग बघा.

सतत घुमण्याऐवजी गिअर टाकताना किंवा क्लच सोडताना एकदाच ‘खाड्’ वाजत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, पाहा. क्रॉस कोरडा पडला की हळू चालताना चुर्र-चुर्र करतो आणि कपात गंजाची लाल भुकटी दिसते. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश आणि यू-बोल्ट ढिले असले तरी असाच ठोका बसतो, म्हणून तेही पाना लावून बघाच. फक्त वळणावर कटकट येत असेल तर डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर.

आता डिफरन्शियलचं ऑइल. पुढच्या चाकांना ओट (ठोकळा) लावा. भरण्याचा बोल्ट आधी सोडवून बघा, तो सुटत असेल तरच निचऱ्याचा खोला. ऑइलची पातळी भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत हवी. निचऱ्याच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप असणं नेहमीचं. बोटाला टोचणारे कण किंवा गिअरच्या दाताचा तुकडा मात्र नेहमीचा नाही. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ॲक्सल नळीवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी तोटी) तेव्हा हमखास तपासावा. तो चोंदला की आतला दाब ऑइलला सीलमधून ढकलतो आणि ते मागच्या ब्रेकच्या लायनरवर उतरतं. भरताना जीएल-५ दर्जाचं, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं ऑइल घ्या. आवाज दाबायला जाड ऑइल ओतू नये, झीज तशीच चालू राहते.

पिनियनचं बेअरिंग तपासायला प्रोपेलर शाफ्ट मागून सोडवा, पिनियनची फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडलेला असतो ती चकती) हाताने धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. इथे जरासुद्धा ढिलाई चालत नाही. फिरवताना थोडीशी मोकळीक मात्र असतेच, ती दातांमधली. चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन चारएक वेळा फिरतो, म्हणून त्याच्या बेअरिंगचा आवाज चाकाच्या बेअरिंगपेक्षा बारीक आणि वेगवान असतो.

इथेच एक चूक सर्रास होते. पिनियनचं सील बदलताना नट इम्पॅक्ट गनने कसून आवळतात. आत दबणारी स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली पातळ नळी) असेल तर ती गरजेपेक्षा जास्त चेपते, बेअरिंगवर जादा ताण येतो, ते तापतं आणि महिन्या-दोन महिन्यांत गाडी पुन्हा वाजते. नट सोडण्याआधी नट, फ्लँज आणि पिनियनवर खुणा करा आणि खुणा जुळेपर्यंतच आवळा. बेअरिंग बदलत असाल तर स्लीव्ह नवीच घाला.

दात खरोखर खाल्लेले असतील तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदला. दोन्हींवर कोरलेला जुळणीचा नंबर बघून घ्या. जोडी बसवताना डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजणारा आणि दातांवर निळा रंग लावून ठसा बघणारा मिस्त्रीच शोधा. नुसत्या अंदाजाने बसवलेली नवी जोडीही पहिल्याच दिवसापासून ओरडते.