गाणारा नसलेलं गाणं आणि भांडणारे आम्ही

मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या फॅन्समधे भांडण लावून द्यायचं असेल तर फार काही करावं लागत नाही, 'ओरायन भारी की कॉल ऑफ क्टुलू' एवढं विचारायचं आणि आपण गुपचूप चहा प्यायला निघून जायचं. परत येईपर्यंत कोणीतरी कोणाची तरी अक्कल काढलेली असते. गंमत म्हणजे दोन्ही इन्स्ट्रुमेंटल, एक अक्षर गायलेलं नाही, पण ज्या गाण्यांना शब्द आहेत त्यांच्यावर आम्ही इतकं कधी बोललो नसू.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, ओरायन हे 'मास्टर ऑफ पपेट्स' या अल्बममधलं सातवं गाणं, साधारण साडेआठ मिनिटांचं. अल्बम आला ३ मार्च १९८६ ला. सुरुवातीला लांबून हळूहळू काहीतरी भरून यायला लागतं, ऑर्केस्ट्रा आहे की कीबोर्ड ते कळत नाही, आणि तो निघतो बास गिटार, बँडचा बासिस्ट क्लिफ बर्टनचा, इफेक्ट लावून लावून असा केलेला की ओळखूच येऊ नये. मग ड्रम्स, मग तो जाड मस्त रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, ज्यावर मान आपोआप हलते. आणि चौथ्या मिनिटाच्या आसपास सगळं थांबतं, एकटा बास उरतो, अर्ध्या लयीत, आणि पुढे त्यावर गिटारी एकेक करून येऊन बसतात.

आमच्या ग्रुपमधली निम्मी भांडणं या मधल्या भागावरून. एक पार्टी म्हणते ओरायन म्हणजे तेवढंच, बाकी सगळं तिथे पोचायचा रस्ता. दुसरी म्हणते पहिली चार मिनिटं नीट ऐकली नसतील तर त्या थांबण्याला अर्थच नाही. मी दुसऱ्या पार्टीत. डायरेक्ट चार मिनिटांवर उडी मारून ऐकणारी माणसं मला आवडत नाहीत, म्हणजे माणूस म्हणून ठीक असतील, पण त्यांच्या हातात गाडीतली ऑक्स केबल देऊ नये. आणि मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून 'ठीक आहे रे' म्हणणारे तर वेगळेच, त्या स्पीकरमधून बास बाहेर येतच नाही, सुरुवातीचं अर्धं मिनिट तर फोन बंद पडलाय असंच वाटतं, त्यावरून मत कसलं देताय!

बँडचा ड्रमर लार्सच्या ड्रमिंगवरून होणारी भांडणं मी इथे काढत नाही. ती दर गाण्याला होतात.

पण एका मतावर मात्र जवळजवळ सगळ्यांचं एकमत असतं, आणि नेमकं तेच मला पटत नाही. ते म्हणजे ओरायन हे शोकगीत आहे. 'डोळ्यात पाणी येतं', 'क्लिफ आपल्याला निरोप देतोय', वगैरे. कारण सरळ आहे. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमधे टूरची बस उलटली आणि त्यात क्लिफ गेला, चोवीस वर्षांचा होता. त्याच्या अंत्यविधीला ओरायनच वाजवलं गेलं. बँडचा गायक जेम्स हेटफिल्डने म्हणे त्यातले सूर हातावर गोंदवून घेतलेत. पुढे कित्येक वर्षं बँड हे गाणं स्टेजवर तुकड्यातुकड्यातच वाजवत राहिला, पूर्ण वाजलं ते २००६ मधे, जर्मनीत रॉक आम रिंग फेस्टिव्हलला, अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून, आणि तेव्हा बासवर होता रॉबर्ट ट्रुहियो. आता एवढं सगळं माहीत असल्यावर कुणाचाही घसा दाटणारच, माझाही दाटतो, नाही कशाला म्हणू.

पण जरा तारखा बघा ना. रेकॉर्डिंग झालं १९८५ च्या शेवटी, कोपनहेगनला. तेव्हा कोणी गेलेलं नव्हतं. तेवीस वर्षांचा एक पोरगा, बेलबॉटम घालणारा, बाखचा भक्त, पिक न वापरता बोटांनी वाजवणारा, ज्याने बँडमधे यायची अट काय घातली तर तुम्हीच लॉस एंजेलिस सोडून माझ्या गावाकडे या, आणि ते खरंच आले. असल्या पोराला साडेआठ मिनिटं मोकळं रान मिळालंय आणि गाणारा गप्प बसलाय. यात निरोप कुठून आला? मला तर त्यात माज ऐकू येतो, चांगल्या अर्थाने. बासवर आवाज फाटका करणारं डिस्टॉर्शन लावून तो अशा जागा घेतो की लोक वर्षानुवर्षं त्यांना गिटार सोलो समजून एअर गिटार वाजवत राहतात. हे ग्रुपवर लिहिलं तर एकाने उत्तर दिलं की तुला भावना नाहीत. असेल बाबा.

आमच्या एका काकांना मी हे ऐकवलं. काका म्हणजे सवाई गंधर्वला शाल पांघरून, थर्मास घेऊन, शेवटच्या दिवसापर्यंत बसणारे. आईने ते आधी किचनमधूनच ऐकलं होतं आणि तिचं मत एका वाक्यात दिलं होतं, "गाणारा आला नाही वाटतं." काकांनी मात्र हेडफोन लावून, डोळे मिटून, पूर्ण ऐकलं. मधल्या भागाला हात थोडा हलला. मग हेडफोन काढून म्हणाले, "मधला विलंबित चांगला आहे. पण हे सगळं आधी ठरवलेलं ना?" म्हटलं हो. "मग पुढच्या वेळी वाजवतील तेव्हा पण असंच?" म्हटलं हो काका, सेम टू सेम. त्यावर त्यांचा चेहरा असा झाला की बिचारे, पगार तरी बरा मिळतो का यांना.

तेव्हापासून हे डोक्यात अडकलंय. काकांच्या मैफलीत कालची जागा आज तशीच घेतली तर लोक कुजबुजतात, पाठ करून आलाय म्हणून. आमच्याकडे उलटं, ट्रुहियोने एक सूर इकडचा तिकडे केला तर लगेच पब्लिक 'क्लिफचं वाजव ना सरळ'. आम्हाला ते जसंच्या तसं हवं असतं. मेक्सिकोच्या रॉड्रिगो-गॅब्रिएला जोडीने दोन साध्या गिटारींवर ओरायन वाजवलंय, काय सुंदर वाजवलंय, तरी आमच्यातला एक जण अजून म्हणतो की बास नाही तर ओरायन नाही. ग्रुपवर हा वाद काढला तर त्यावर कोणी काही बोललं नाही, लगेच मेटालिकाच्याच 'टू लिव्ह इज टू डाय' वर घसरले, की त्यात जेम्स शेवटाकडे चार ओळी बोलतो तर ते इन्स्ट्रुमेंटल धरायचं की नाही. माझं म्हणणं धरा, बोललाय, गायला नाहीये. आणि 'सुसाइड अँड रिडेम्प्शन' चा विषय काढू नका, दहा मिनिटं आहे ते, आणि त्यातली पाच कुणीतरी कापायला हवी होती.

तर क्टुलूवाल्यांना वाईट वाटू नये म्हणून मी काकांना तेही पाठवलं, आणि मुद्दाम ऑर्केस्ट्रावालं, १९९९ मधे सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर संगीतकार मायकेल केमनने केलेलं, ज्याला पुढे ग्रॅमीपण मिळालं. म्हटलं व्हायोलिनं आहेत, काकांना जवळचं वाटेल. दोन दिवसांनी काकांचा मेसेज, "हे बरे आहे. मोठे आहे. पहिले परत पाठव, मधला भाग ऐकायचा आहे."

मी स्क्रीनशॉट काढून लगेच ग्रुपवर टाकला, की घ्या, ओरायनला एक मत वाढलं. क्टुलूवाल्यांनी ताबडतोब हरकत घेतली की काका मेटल ऐकत नाहीत त्यामुळे त्यांचं मत धरता येणार नाही, आणि तसंही ते डायरेक्ट चार मिनिटांवर उडी मारणाऱ्यांतले निघाले.