सेव्हन माइल बीचवर वाळू संपते तिथपर्यंत

रविवार, रात्र

आज ताईला सुट्टी होती, त्यामुळे सकाळी लवकर आवरून सेव्हन माइल बीचला गेलो, मी, ताई आणि भाचा. जिजूंची ड्यूटी होती म्हणून ते नाही आले. ताई इथे ग्रँड केमनला, कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर, नर्स आहे, तिला बरीच वर्षं झाली आता. डॉ. देवी शेट्टींचं हॉस्पिटल 2014 मध्ये इथे ईस्ट एंडला सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडचे नर्स-डॉक्टर बरेच दिसतात, बाजारात कढीपत्ता घेताना दोन मिनिटं मराठीत गप्पा मारायला पण कोणीतरी भेटतंच.

बीचचं नाव सेव्हन माइल असलं तरी लांबी काही सात मैल भरत नाही, पण चालायला लागल्यावर त्याने काय फरक पडतो, समोर बघावं तिथवर पांढरंच. पब्लिक बीचवरून आम्ही दक्षिणेकडे, म्हणजे जॉर्ज टाउनच्या बाजूला चालायला लागलो. हॉटेलं आणि कॉन्डो एकाला एक चिकटून उभे आहेत पण मधूनमधून बीचवर जायच्या पायवाटा सोडल्यात, बोर्ड लावलेत, आणि पाण्याच्या कडेने कोणीही चालू शकतं, कोणी हटकत नाही. हे मला फार आवडलं. इतकी महागडी जागा, आणि हॉटेलात काम करणारी बाई आपल्या पोराला घेऊन त्याच वाळूत बसते जिथे तिथले गेस्ट बसलेत.

कोकणात दुपारी वाळूत चप्पल काढली की पळत सुटावं लागतं. इथे अकरा वाजून गेले, ऊन चांगलंच तापलं, तरी वाळू पायाला गारच. आपली वाळू सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, नद्यांनी वाहून आणलेली, ती ऊन पिते. इथे बेटावर एकही नदी नाही, सगळा चुनखडीचा दगड, पाऊस पडला की जमिनीत मुरतो. नदी नाही म्हणून गाळ नाही, आणि गाळ नाही म्हणून छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसतात. आणि वारा असतो पूर्वेचा, बीच पश्चिमेला, त्यामुळे बेटच आडोसा धरतं आणि समुद्र तळ्यासारखा सपाट. पूर्वेच्या बाजूला सरगॅसमचे, म्हणजे तरंगत येणाऱ्या समुद्री शेवाळाचे, ढीग येऊन कुजतात, वास मारतो, तो त्रास इकडे क्वचितच.

सावलीला बसलो ती झाडं बघून मी ताईला म्हटलं, अगं ही तर सुरू! तीच झाडं, तोच वाऱ्याचा सूंऽऽ आवाज, डोळे मिटले तर मुरूड-हर्णैच. इथेही ती बाहेरूनच आणलेली, मुळं वरवर असतात त्यामुळे मोठ्या वादळात आडवी होतात. इथलं मूळचं झाड म्हणजे सी ग्रेप, जाड गोल पानांचं, ते वाळू धरून ठेवतं, पण बऱ्याच ठिकाणी व्ह्यू हवा म्हणून तेच काढून टाकलंय.

डब्यात थालीपीठ होतं आणि सोबत लिंबाच्या फोडी. भाच्याला शाळेत शिकवलंय म्हणून त्याने प्रयोग करून दाखवला, तळहातावर चिमूटभर कोरडी वाळू घेतली आणि वर लिंबू पिळलं. हात कानाजवळ धर म्हणाला. खरंच, एकदम बारीक चुरचुर आवाज, आणि नीट बघितलं तर दाण्यांमध्ये सुईच्या टोकाएवढे बुडबुडे! वाळूचा दाणा न् दाणा चुन्याचा. पोवळी, शिंपले, समुद्रातलं हॅलिमेडा नावाचं शेवाळ जे मेल्यावर पांढऱ्या चपट्या चकत्या होऊन पडतं, त्या सगळ्याचा चुरा. परवा सिमेटरी बीचला लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग केलं तेव्हा पॅरटफिश दगड खाताना दिसला होता, पाण्यात डोकं घातलं की कुरुमकुरुम ऐकू पण येतं. दगडावरचं शेवाळ खरवडताना तो पोवळ्याचा दगडही चावून गिळतो आणि मागून वाळू सोडतो, मोठा मासा वर्षाला शेकडो किलो. मी ज्यावर बसून थालीपीठ खात होते ती एवढी वाळू कोणाकोणाच्या पोटातून आलीय, हे कळल्यावर मला त्या माशाबद्दल इतकं प्रेम वाटलं की बस.

म्हणूनच पुढे जे बघितलं ते जास्त लागलं.

जॉर्ज टाउनच्या बाजूला जसजसं जावं तसतसा बीच अरुंद होत जातो, आधी लक्षात येत नाही, मग खुर्च्यांच्या दोन रांगांची एक रांग होते, मग तीही नाही, आणि मग एका जागी वाळू संपतेच. समोर काँक्रीटची भिंत आणि पाणी थेट भिंतीला. आज समुद्र इतका शांत होता तरी प्रत्येक लाट भिंतीवर आपटून परत जात होती आणि जाताना पायाखालचं सगळं ओढून नेत होती. एका ठिकाणी बीचवर उतरायच्या पायऱ्या होत्या त्या सरळ पाण्यात उतरतात, खालच्या पायरीवर हिरवं शेवाळ. ताई म्हणाली आम्ही आलो तेव्हा इथे वाळूत आडवं पडून सूर्यास्त बघायचो.

कारण तसं कोणालाही समजेल असं आहे. हिवाळ्यात इथे नॉर्वेस्टर येतात, वायव्येकडून दोन-तीन दिवस जोराचा वारा आणि मोठ्या लाटा, त्या वाळू ओढून नेतात, मग समुद्र शांत झाला की हळूहळू परत आणून टाकतात. किनारा असाच मागेपुढे होत राहतो, त्याला तेवढी जागा लागते. पण त्या जागेतच भिंत बांधली की लाटेचा जोर कमी व्हायच्या ऐवजी उसळून परत येतो आणि वाळूला बसायला वेळच मिळत नाही. 2004 मध्ये आयव्हन चक्रीवादळाने अख्खं बेट झोडपलं होतं, तरीसुद्धा पाण्याला इतकं खेटून बांधकामं झाली याचं मला फार वाईट वाटतं. रागही येतो. आता बाहेरून वाळू आणून भरायची चर्चा आहे. भरतील, पण भिंत तिथेच राहिली तर ती वाळू किती टिकणार? माझ्या मते आधी मागे सरका, सी ग्रेप लावा, मग वाळू टाका. आणि 2023 च्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला की पोवळी पांढरीफटक पडली, त्याआधी 2020 पासून पोवळ्यांचा एक रोगही आलाय, म्हणजे जिथून वाळू येते तो कारखानाच आजारी. चुऱ्याचा बीच व्हायला किती काळ गेला असेल आणि भिंत बांधायला काय लागतं, एक सीझन.

परत येताना भाचा गप्प होता, मग त्याने विचारलं की कासवं मग कुठे येणार? मे ते नोव्हेंबर इथे ग्रीन टर्टल आणि लॉगरहेड अंडी घालायला येतात, हॉटेलांचे पांढरे दिवे बघून पिल्लं समुद्राऐवजी रस्त्याकडे जातात म्हणून आता बऱ्याच ठिकाणी तांबडे-पिवळे मंद दिवे लावून घेतलेत. मी त्याला कोकणातल्या वेळासचं सांगितलं, आपल्याकडे गावातली माणसं अंडी कशी जपतात, सकाळी सकाळी पिल्लं सोडताना सगळे कसे दोरीमागे उभे राहतात. त्याला इतकं भारी वाटलं, म्हणे मला तिथे यायचंय. मी म्हटलं ये, मार्चमध्ये ये, तेव्हा पिल्लं बाहेर येतात.

ताई म्हणते इथे पर्यावरण खात्याच्या लोकांसोबत व्हॉलंटियर पहाटे बीचवर फिरून घरटी शोधतात, यंदा ती नाव देणारे. तिची नाइट शिफ्ट सुटते तेव्हाच तर फेरी असते. भाचाही जायचं म्हणतोय पण वयाची काही अट आहे का ते उद्या फोन करून विचारायचंय.