दुपारी तीनला ॲप का अडकायचं

बुधवार, रात्री उशिरा

शेवटी सापडलं. पतसंस्थेच्या ॲपच्या ज्या भानगडीमागे लागलो होतो तिचं कारण आज समोर दिसलं, डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

तक्रार अशी होती की दीड ते तीन काउंटर बंद असतात, तीनला उघडले की कुणाच्या तरी स्क्रीनवर चक्र गोल गोल फिरत राहतं आणि मिनिटभराने ५०४ (सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही, असा एरर) येतो. बाजूच्याच काउंटरला मात्र त्याच वेळी सगळं सुरळीत. आणि सकाळी वेगळंच, दहाला पहिली एंट्री मारली की लगेच एरर, परत मारली की होते. समोर रांग आणि भरणा जमा झाला की नाही हे कॅशियर ताईंनाच कळत नाही, हे मला खरंच लागायचं. लोकांच्या पैशाचा मामला आहे.

सल्ला सगळ्यांचा एकच, सर्व्हिस रिस्टार्ट करा. रिस्टार्टने चालतंही, सगळी कनेक्शन्स नवी होतात ना, पण त्याबरोबर पुरावाही जातो. म्हणून आज ताईंना सांगून ठेवलं होतं की तीनला अडकलं तर आधी मला फोन करा, कुणालाही रिस्टार्ट करू देऊ नका. "दादा, पण लोकं ओरडतात हो," म्हणाल्या, पण केला फोन.

ॲप फ्लास्कचं (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क), डेटाबेसशी बोलायला एसक्यूएलअल्केमी ही लायब्ररी आणि तिचा पूल, म्हणजे उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरायची कनेक्शन्स, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, तो दुसऱ्या नेटवर्कमध्ये, मध्ये एक फायरवॉल. ॲपच्या मशीनवर एसएस ही कनेक्शन्स दाखवणारी कमांड टायमरसकट चालवली तर डेटाबेसकडची काही कनेक्शन्स एस्टॅब्लिश्ड (जोडलेली) दिसत होती पण रिट्रान्समिटचा आकडा वाढतच चाललेला. म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तेच पॅकेट परत परत पाठवतोय आणि पोच येतच नाहीये. दोन्ही मशीनवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) लावला, इकडून पॅकेट निघताना दिसतंय, तिकडे पोचतच नाहीये. आणि पोस्टग्रेसच्या पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीत, म्हणजे चालू सेशन्सच्या यादीत, तीच सेशन्स आरामात आयडल (रिकामी बसलेली). फोनवर दोघं रिसीव्हर कानाला लावून बसलेत आणि मधली तार केव्हाच तुटलीये, असं झालेलं.

फायरवॉल एक तास काहीच हालचाल नसलेलं कनेक्शन आपल्या चालू कनेक्शन्सच्या टेबलातून काढून टाकतो, तेही गुपचूप, कुठल्याच टोकाला रीसेट (कनेक्शन संपलं असा निरोप) न पाठवता. दीड ते तीन म्हणजे दीड तास शांतता, झालं.

मग सगळे आकडे एकेक करून जागेवर बसत गेले, आणि हे मला सगळ्यात आवडलं. मिनिटभराने येणारा ५०४ हा ॲपच्या पुढे बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा, त्याचा रीड टाइमआउट डिफॉल्ट ६० सेकंद. पण ॲपच्या लॉगमधला खरा एरर यायचा त्यानंतर बऱ्याच वेळाने, साधारण सव्वातीन-तीन वीसला, म्हणून कुणी दोन्हींचा संबंधच लावला नव्हता. लिनक्स पोच न आलेलं पॅकेट डिफॉल्टने १५ वेळा परत पाठवून बघतो, दर वेळी जास्त थांबत, त्याची बेरीज होते ९२४.६ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांच्या वर. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये क्लायंटचं कनेक्शन टाइमआउट झाल्याची ओळ दिसते तीन चाळीसच्या पुढेमागे, ती कीपअलाइव्हची, म्हणजे शांत कनेक्शन अजून जिवंत आहे का ही कर्नलने करायची चौकशी. ७२०० सेकंद शांततेनंतर पहिली चौकशी, मग ७५ सेकंदांनी एक अशा ९, म्हणजे दोन तास अकरा मिनिटं. दीड वाजल्यापासून मोजून बघा.

सकाळचं कोडंही इथेच सुटलं. रात्रभर शांतता म्हणजे ॲपच्या बाजूचा कीपअलाइव्हही तोवर हरलेला असतो, कर्नलला कळलेलं असतं की कनेक्शन मेलंय, म्हणून पहिली क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) न अडकता लगेच फेल होते. एसक्यूएलअल्केमी मग पूलमधली सगळी जुनी कनेक्शन्स बाद करते, म्हणून दुसरी एंट्री चालते. आणि बाजूचं काउंटर चालायचं कारण पूलमध्ये डिफॉल्ट ५ कनेक्शन्स, ती पाचही अडकली की पुढच्याला ओव्हरफ्लोमधून (पाचाच्या वरच्या जादा कोट्यातून) नवं कोरं मिळतं.

आता उपाय. सगळीकडे प्री-पिंग (पूलमधलं कनेक्शन वापरण्याआधी छोट्या क्वेरीने तपासणं) चालू करा एवढंच सांगतात. प्री-पिंग चांगलंच आहे, सकाळचा त्रास त्याने जातो, पण दुपारचा एकट्याने जात नाही, कारण ती चाचणीची क्वेरीसुद्धा त्याच मेलेल्या वाटेने जाते आणि तीही पंधरा मिनिटं अडकते. म्हणून कनेक्शनच्या सेटिंगमध्येच कीपअलाइव्ह ३०० सेकंदांवर आणला, त्यामुळे दर पाच मिनिटांनी थोडी हालचाल राहते आणि फायरवॉलला शांतता दिसतच नाही. शिवाय टीसीपी युजर टाइमआउट (पोच न येता किती वेळ थांबायचं) ३० सेकंद, हा पोस्टग्रेस १२ पासून क्लायंटला देता येतो, मिलिसेकंदात लिहायचा म्हणजे ३००००. पूल रिसायकल (कनेक्शन किती जुनं झालं की बदलायचं) १८०० सेकंद आणि प्री-पिंगही ठेवलं. डेटाबेसच्या बाजूलाही कीपअलाइव्ह कमी केला, नाहीतर मेलेली सेशन्स दोन-दोन तास पोस्टग्रेसच्या १०० कनेक्शन्सच्या मर्यादेत जागा अडवून बसतात.

एक गोष्ट मला पटत नाही ती लिहितोच. कीपअलाइव्हचा डिफॉल्ट दोन तासांपेक्षा कमी नसावा हे आरएफसी ११२२ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) १९८९ सालीच ठरवलं, आणि एनएटीने (मध्ये बसून नेटवर्कचे पत्ते बदलणाऱ्या डब्याने) चालू कनेक्शन किमान २ तास ४ मिनिटं सांभाळावं हे २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये आहे. म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांना धरून ठरलेत. मग मधल्या डब्यांनी एक तास का धरावा? क्लाउडमध्ये तर त्याहून कमी, एडब्ल्यूएसचं एनएटी गेटवे ३५० सेकंद, अझूरचा लोड बॅलन्सर डिफॉल्टला ४ मिनिटं. डब्यांची मेमरी मर्यादित असते हे कबूल, पण काढताना निदान रीसेट तरी पाठवावा, पंधरा मिनिटांचं अडकणं तिथेच एका सेकंदावर येईल.

संध्याकाळी टेस्ट सर्व्हरवर फायरवॉल नियमाने मुद्दाम पॅकेट ड्रॉप करून बघितलं, अर्ध्या मिनिटात एरर आला आणि नवं कनेक्शन घेतलं. उद्या एक वाजून चाळीस मिनिटांनी, काउंटर बंद असताना, लाइव्हवर टाकणार. नेटवर्कवाल्यांना फायरवॉलचं विचारायचंय, रिपोर्टिंगचं ॲप पण त्याच रस्त्याने जातं आणि त्याचं ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारं सॉफ्टवेअर) वेगळं आहे, तिथे हेच सेटिंग कुठे लिहायचं ते बघायचंय. आणि ताईंना सांगायचंय की तीनला पहिली एंट्री आपण सोबत फोनवर राहून मारू.